एकसष्टावं पान

एकोडीच्या चंद्रकलाबाईंना मनातल्या मनात वाचता येत नसे. लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांना जेमतेम आपलं नाव लिहिता येत होतं. पुढची सगळी अक्षरं त्यांना नवऱ्यानं शिकवली. घराच्या पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत बसवून, रस्त्यानं जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या देखत. बोट ओळीवर आणि शब्द तोंडात, अशी त्यांची शिकवण. त्यामुळे पासष्टी गाठली तरी लग्नपत्रिका असो की खताच्या पोत्यावरचा मजकूर, चंद्रकलाबाई तो खणखणीत आवाजात वाचत.

"तुह्या घरी चोर शिरला तं तोही आधी बसून आयकंल," शेजारच्या गोदावरीबाई म्हणत. "चोरी मंग करंल."

नवरा श्यामराव. चार एकर धानाची शेती, आणि जीव पुस्तकात. दुपारचं जेवण झालं की सपरीतल्या खुर्चीत बसून ते बारा पानं वाचत. बारा म्हणजे बारा. "तेरावं पान हा आधाशीपना अन् अकरावर थांबनं हा आळस," असं त्यांचं म्हणणं होतं. म्हातारपणी नजर अधू झाली, तेव्हा मुलगी हर्षा, जी भंडाऱ्याला टायपिंगचं दुकान चालवते, तिनं त्यांना एक ई-रीडर आणून दिला. श्यामराव त्याला पाटी म्हणत. अक्षरं मोठी, लाखोळीच्या दाण्याएवढी करून घेत आणि नव्या पोरासारखे खूश होत. पुढं हर्षानं आईलाही तशीच दुसरी पाटी दिली. दोन्ही पाट्या एकाच खात्यावर, म्हणजे एकानं घेतलेलं पुस्तक दुसऱ्याला वाचता यावं. आईच्या पाटीला तिनं नाव दिलं "आई" आणि वडिलांच्या पाटीला "श्यामराव".

हे नाव चंद्रकलाबाईंनी आयुष्यात एकदाच उच्चारलं होतं, लग्नात, उखाणा घेताना. त्यानंतर "हे", "हर्षाचे बाबा", फार झालं तर "घरचे".

दोन वर्षांपूर्वी चैत्रात श्यामराव गेले. खुर्चीतच, मांडीवर पाटी, त्या दिवसाच्या सातव्या पानावर. तेरवी झाल्यावर चंद्रकलाबाईंनी ती पाटी त्यांच्या दुपट्ट्यात गुंडाळून टिनाच्या पेटीत ठेवली. ठेवताना त्यांना नवल वाटलं, की पाटीवर ते सातवं पान तसंच दिसत होतं.

"वीज संपली तरी शेवटचं पान राहते, आई," हर्षानं समजावलं होतं. "या पाटीचं असंच असते. पुसलं जात नाही."

नवरा गेल्यावर वर्षभरानं चंद्रकलाबाई लिहायला बसल्या. रोवणीची गाणी, सासूची बोलणी, तलावातली मासोळी, हर्षाचा जन्म, सगळं. तीन वह्या भरल्या. हर्षानं ते टाइप केलं. कागदावर छापायच्या भानगडीत ती पडली नाही. "ज्याले वाचायचं तो आपल्या मोबाईलवर वाचंल," असं ठरवून तिनं त्याचं ई-पुस्तक केलं. आज ते कोणालाही वाचता येतं. पण प्रकाशित होण्याआधीचे दोन आठवडे एकोडीच्या त्या घरात जे घडलं, ते त्यात लिहिलेलं नाही.

हर्षानं पुस्तक खात्यावर टाकलं आणि फोन केला. "आई, आधी पाटीवर सगळं वाचून घे. चुका सांग. मग मी प्रकाशितचं बटन दाबते."

पहिल्या दिवशी चंद्रकलाबाईंनी पाच पानं वाचली. आपलंच लिहिलेलं, तरी पाटीवर परक्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मोबाईलचं नेट सुरू करून पाटी उघडली, तर पानाऐवजी एक चौकोन आला. पाटीची भाषा हिंदी होती. चंद्रकलाबाईंनी सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"यह पुस्तक..." आणि त्या अडखळल्या. पुढं नवऱ्याचं नाव होतं. ते गाळून त्यांनी बाकीचं वाचलं. "...पर पृष्ठ बारह तक पढ़ी जा चुकी है. वहाँ जाएँ?"

त्यांनी हर्षाला फोन लावला.

"दोन्ही पाट्या एका खात्यावर आहेत ना, म्हणून विचारते ते," हर्षा म्हणाली. "बाबांची पाटी कोणी सुरू केली का?"

"कोन करंल? पेटीत हाय."

"चार्जिंग?"

"पोरी, दोन वर्षं झाले. तिले कोन चार्ज करून राहिलं?"

पलीकडून हर्षा म्हणाली, "अडकलं असंल काहीतरी. 'नहीं' दाबत जा."

तिसऱ्या दिवशी चोवीस. चौथ्या दिवशी छत्तीस.

छत्तीसचा आकडा वाचल्यावर चंद्रकलाबाई उठल्या आणि पेटी उघडली. बाहेर ऊन असं होतं की अंगणात पाय ठेववत नव्हता, पेटीचं टिन तापलं होतं, आणि दुपट्ट्यातली पाटी मात्र माठासारखी गार. त्यांनी बटण दाबून पाहिलं. पाटी मेलेलीच होती. तिच्यावर ते जुनं सातवं पान नव्हतं. लाखोळीच्या दाण्याएवढ्या अक्षरांत तिथं लिहिलं होतं, "हर्षा पोटात होती त्या साली रोवणी लवकर आटोपली." ते त्यांच्या पुस्तकातलं छत्तिसावं पान होतं. नवरा गेल्यावर वर्षभरानं लिहिलेलं.

भ्यायला हवं होतं. पण चंद्रकलाबाईंनी पाटी पुन्हा नीट गुंडाळली, दुपट्ट्याची एक बाजू जराशी मोकळी ठेवली, आणि पेटीचं झाकण लावताना आवाज होऊ दिला नाही. त्या दिवसापासून दुपारच्या वेळी त्या भांडी घासायला बसेनात. दार वाजू नये म्हणून त्याला विटेचा टेकू लावला. गोदावरीबाई पापडाचं लाटणं मागायला आल्या आणि अंगणातून हाका मारू लागल्या, तर चंद्रकलाबाई ओठांवर बोट ठेवून बाहेर आल्या.

"कोन झोपलं हाय?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"कोनी नाई."

"मंग काहून फुसफुस करून राहिली वं? कोनी नाई तं कोनाची झोप मोडते?"

चंद्रकलाबाईंनी लाटणं दिलं आणि काही सांगितलं नाही. खरं तर त्या सुखात होत्या. पूर्वीही त्या महिला मंडळासाठी चार ओळी लिहीत तेव्हा पहिले वाचणारे श्यामरावच असत. रोज बारा पानं, म्हणजे एकशे दहा पानांचं पुस्तक दहा दिवसांत संपेल, असा त्यांनी हिशेब धरला. अठ्ठेचाळीस झालं. साठ झालं.

सातव्या दिवशी बहात्तर यायला हवं होतं. आलं एकसष्ट.

आठव्या दिवशी एकसष्ट. नवव्या दिवशीही एकसष्ट.

एकसष्टाव्या पानावर काय आहे ते चंद्रकलाबाईंना पाठ होतं. "त्या साली मंडईच्या तोंडावर यांनी लिहिलेली दंडारीची वही वाळवीनं खाल्ली." आणि नवऱ्याची सवयही त्यांना पाठ होती. लिहिलेलं खोटं वाटलं तर श्यामराव रागावत नसत, बोलतही नसत. त्या ओळीवर बोट ठेवून बसत. चहा गार होई, पण ते पान काही उलटू देत नसत.

वही वाळवीनं खाल्ली नव्हती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा कार्तिक होता. धान कापून शेतातल्या बांधीत वाळायला पसरलेलं, आणि आभाळ भरून आलेलं. मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेसाठी, श्यामरावांनी एक दंडार लिहायला घेतली होती, गाणी आणि सोंगं असलेला रात्रभराचा खेळ. चंद्रकलाबाई दोनदा सांगायला आल्या की धान बांधायला चला. "एवढं एक सोंग संपू दे," म्हणत ते लिहीत राहिले. सोंग संपलं तोवर पाऊस येऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी बांधीतल्या लोंब्यांना मोड आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळीचं पाणी तापवताना चंद्रकलाबाईंनी ती वही चुलीत घातली. एकदम नाही, एकेक पान फाडून. आणि जाळतानाही प्रत्येक पान त्यांनी हलक्या आवाजात वाचलं, कारण वाचल्याशिवाय त्यांना पान सोडता येत नसे. चांगलं लिहिलं होतं. तरी त्या थांबल्या नाहीत.

श्यामरावांनी चार दिवस वही शोधली. "मले काय माईत?" चंद्रकलाबाई म्हणाल्या. पुढच्या साली शेजारच्या गावच्या मंडईत त्यांचा जिवलग मित्र नत्थूभाऊ यानं ती दंडार उभी केली, जवळजवळ शब्दाला शब्द. नत्थूभाऊंनी वही पाहिलीही नव्हती. तलावाच्या पाळीवर बसून श्यामराव रोज संध्याकाळी लिहिलेलं म्हणून दाखवत, ते त्यांच्या डोक्यात बसलं होतं, आणि मित्राचं लिहिलेलं वाया जाऊ नये एवढाच हेतू. पण श्यामरावांना ते कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी नत्थूभाऊंना घरासमोर, भर रस्त्यात थांबवलं आणि म्हणाले, "चोट्टा हायस तू, नत्थू."

चंद्रकलाबाई तेव्हा हातात सूप घेऊन सपरीत उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या दिवसानंतर नत्थूभाऊ त्या रस्त्यानं गेले नाहीत. बसस्टँडवर जायचं तरी तलावाच्या पाळीवरून वळसा घालून. श्यामरावांच्या मयतीलाही ते दुरून, पाळीवर उभे होते.

दहाव्या दिवशी चंद्रकलाबाईंनी हर्षाला फोन केला. "एकसष्टावं पान काढून टाक."

"काहून?"

"उगाच लांबलं हाय."

हर्षानं पान काढलं आणि पुस्तक पुन्हा पाठवलं. चंद्रकलाबाईंच्या पाटीवर आता साठाव्या पानानंतर सरळ आंब्याच्या लोणच्याची गोष्ट येत होती. पण चौकोन आला तो एकसष्टचाच. त्यांनी पेटी उघडली. दुपट्टा बाजूला केला. गार पाटीवर ती एकच ओळ होती, बाकीचं पान कोरं. वही वाळवीनं खाल्ली. जे पान आता कुठल्याच पुस्तकात नव्हतं, ते तिथं होतं.

चंद्रकलाबाई पेटीसमोर फतकल मारून बसल्या. "चूक झाली माह्यी," त्या म्हणाल्या. पाटीवर काही हाललं नाही. पेटीशी बोलून भागणार नाही हे त्यांना समजत होतं. जी ओळ खोटी होती ती जगासमोर जायची होती, आणि त्या खोट्यापायी ज्याच्यावर सत्तावीस वर्षं चोरीचा आळ होता तो माणूस अर्ध्या कोसावर जिवंत होता.

त्यांनी ते पान नव्यानं लिहिलं. हर्षाला फोनवर ते सांगितलं. हर्षा टाइप करत राहिली, मध्ये एकदाच म्हणाली, "आई, हे खरं आहे?"

"खरं हाय. लिव."

नवं पान पाटीवर आलं तसं ते घेऊन त्या तलावाच्या पाळीवर गेल्या. नत्थूभाऊ सायकल हातात धरून चालत येत होते. सत्तरी ओलांडलेली, काटक, गळ्यात भजनाच्या मंडळीचा पिवळा दुपट्टा.

"नत्थूभाऊजी, थांबा जरासे."

"वैनी? तू इकडे काहून?"

"वही मीनंच जाळली होती."

कोणती वही, असं नत्थूभाऊंनी विचारलं नाही. ते पाण्याकडे वळले.

"पानी किती तापलं?" मग म्हणाले.

"आं?"

"वही जाळून पानी किती तापलं म्हन्तो. आंघोळ तरी बराबर झाली का श्याम्याची?"

चंद्रकलाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी पाटी काढली आणि पान वाचून दाखवलं. धान भिजलं ते, चूल, मंडई, सगळं. "...अन् मग यांनी नत्थूभाऊजींना भर रस्त्यात चोट्टा म्हटलं, आणि मी सपरीत उभी राहून गप्प राहिली."

"हे 'यांनी' कोन?"

"हर्षाचे बाबा."

"माह्यं नाव लिहिलंस बराबर. नत्थू. ज्याले चोट्टा म्हटलं त्याचं नाव हाय, म्हननाऱ्याचं नाई. परगावचा मानूस वाचंल तं त्याले का समजंल? 'यांनी' म्हनजे पाटील असंल, पोलीस असंल, कोनी बी असंल."

"नवऱ्याचं नाव कसं घ्यावं, भाऊजी? आयुष्य कमी होते म्हन्तेत."

"त्याचं आता किती कमी करशील?"

"मेल्याचं तं भर दुपारी मुळीच घेऊ नये. घेतलं का मानूस येते."

"मंग येऊ दे," नत्थूभाऊ म्हणाले. "मले बी दोन गोष्टी विचारायच्या हायेत त्याले." त्यांनी सायकल वळवली. "नाव लिव. अन् मले चोट्टा म्हटलं तिथंच वाच. घरासमोर, मोठ्यानं. मी उद्या दुपारी येतो."

त्या संध्याकाळी हर्षाला सांगतानाही चंद्रकलाबाईंच्या तोंडून नाव निघालं नाही. "तुह्या शाळेच्या दाखल्यावर बाबाच्या जागी जे हाय ते टाक," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या सपरीत येऊन उभ्या राहिल्या. मागं खोलीचं दार विटेच्या टेकूनं उघडं. आत श्यामरावांची खुर्ची, भिंतीशी पेटी. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुठंतरी पंप चालू होता तो बंद पडला, आणि मग इतकं शांत झालं की सायकलच्या साखळीचा आवाज वळणापासून ऐकू आला.

नत्थूभाऊ रस्त्यावर, बरोबर त्याच जागी येऊन थांबले. सायकलवरून उतरले पण आत आले नाहीत. गोदावरीबाई आपल्या दारात आल्या.

"नत्थू? या रस्त्यानं कसा गा? वाट भुलला का?"

"तू मधात बोलू नको, बाई. आयक."

चंद्रकलाबाईंनी पाटी उघडली. चौकोन आला, एकसष्ट. त्यांनी या वेळी 'हाँ' दाबलं. पान आलं. त्या वाचू लागल्या, पहिल्या ओळीपासून, रस्त्यापलीकडे जाईल अशा आवाजात. वही, चूल, एकेक पान. गोदावरीबाईंचा हात तोंडावर गेला. चंद्रकलाबाई वाचत राहिल्या आणि त्या नावाशी येऊन थांबल्या.

अक्षरं समोर होती. चार अक्षरं. त्यांच्या मानेवर मागून गार वारं आल्यासारखं झालं. एवढ्या उन्हात. खोलीतली खुर्ची बारीक करकरली, कोणी पुढं सरकून बसावं तशी.

"वाच, वैनी," नत्थूभाऊ रस्त्यावरून म्हणाले.

"...श्यामराव," चंद्रकलाबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा घेतलं, नीट, मोठ्यानं. "श्यामरावांनी नत्थूभाऊजींना भर रस्त्यात चोट्टा म्हटलं. नत्थूभाऊजींनी काहीही चोरलं नव्हतं. वही मी जाळली होती."

पान संपलं. चंद्रकलाबाईंनी मान वर केली. नत्थूभाऊ त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते त्यांच्या खांद्यावरून मागं, उघड्या दाराकडे पाहत होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, आणि मग सावकाश, वाळलेल्या मातीवर पाणी जिरावं तसा, निवळला.

"राम राम गा, श्याम्या," ते म्हणाले.

मग ते थांबले. समोरचा बोलत असताना माणूस थांबतो तेवढंच. डोकं एका बाजूला कललेलं. एकदा त्यांनी मान हालवली. चंद्रकलाबाईंना मागून काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त मानेवरचा तो गारवा होता. आणि मग नत्थूभाऊ हसले, मोठ्यानं, तरुणपणी पाळीवर बसून हसायचे तसे, आणि दुपट्ट्याच्या टोकानं डोळे पुसले.

"आता म्हन्तोस, चुकलो म्हनून," ते म्हणाले, पण चंद्रकलाबाईंना नाही. "सत्तावीस वर्षांनं म्हन्तोस. लेका."

मसणवटीतून परतताना मागं वळून पाहू नये, असं चंद्रकलाबाईंच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं. इथं मसण नव्हतं, त्यांचं स्वतःचं घर होतं. तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी हातातल्या पाटीकडे पाहिलं. बासष्टावं पान आलं होतं. त्यांनी ते उलटलं नव्हतं.

नत्थूभाऊंनी सायकल स्टँडवर लावली, चपला काढल्या आणि सपरीच्या पायरीवर येऊन बसले, एका कडेला, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

"वाच पुढं, वैनी," ते म्हणाले. "आमी आयकून राहिलो."